सेटिंगला हात न लावणाऱ्या मुलासाठी: वयानुरूप ऑनलाइन रचना म्हणजे काय

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेत ठराव झाला, आणि तेव्हापासून सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की पुढचा दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे ठरले. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेले मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेनात, हे त्यामागचे कारण होते. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि शिक्षक यांनी घरोघरी फिरून लोकांना हे पटवून दिले. या उपक्रमाचे कौतुक दूरवर झाले आणि ते योग्यच होते. परंतु मोबाइलवरील पडदे आखण्याचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यात एक गोष्ट टोचते. दीड तासाची शांतता मिळवण्यासाठी सबंध गावाला एकत्र यावे लागले, आणि साडेआठ वाजता मुलांच्या हातात परत आलेली वस्तू मात्र सात वाजता होती तशीच होती. तिच्यात काडीचाही बदल झालेला नव्हता.

त्या वस्तूत बदल करता येतो का, आणि तो कोणी व कसा करायचा, हा या लेखाचा विषय आहे. त्याला वयानुरूप रचना असे म्हणता येईल. एखादे अ‍ॅप, खेळ किंवा संकेतस्थळ मुले वापरण्याची शक्यता असेल, तर ते घडवतानाच मुलांचे वय, समज आणि हित लक्षात घेतले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे. यातील ‘शक्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बालगीतांचे अ‍ॅप मुलांचे असते हे उघड आहे. पण मुले प्रत्यक्षात जिथे वेळ घालवतात ती व्हिडिओ, चॅट आणि खेळांची अ‍ॅप्स ‘सर्वांसाठी’ या नावाखाली मोठ्यांचा विचार करून घडवलेली असतात, आणि खरी अडचण तिथेच असते.

सांगलीकरांना हा मुद्दा पुराच्या भाषेत चटकन कळेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलेही सांगतात. परंतु सूर्यवंशी प्लॉट किंवा इनामदार प्लॉट येथे राहणारा माणूस त्या आकड्यांची वाट पाहत बसत नाही. सखल भागात पाणी आधी शिरते, म्हणून तो आधीच सामान हलवतो, आणि त्याच वेळी उंचावर राहणारा सांगलीकर निवांतपणे बातम्या पाहत असतो. नदी एकच, पाणी एकच. घर किती उंचीवर आहे यावरून धोका ठरतो. अनोळखी व्यक्तीकडून आलेला संदेश चाळीस वर्षांच्या माणसाला केवळ त्रासदायक वाटेल, सतरा वर्षांच्या मुलीला तो सावध करील, आणि दहा वर्षांच्या मुलाला तो मैत्रीचा हात वाटेल. म्हणून धोक्याची एकच रेषा आखून भागत नाही.

ब्रिटनने २०२० मध्ये वयानुरूप रचनेची १५ मानके असलेली संहिता लागू केली आणि कंपन्यांना जुळवून घेण्यासाठी सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत दिली. त्या संहितेत बालपणाचे पाच टप्पे मानले आहेत: पाच वर्षांपर्यंत, सहा ते नऊ, दहा ते बारा, तेरा ते पंधरा आणि सोळा ते सतरा. टप्प्यांच्या सीमा काटेकोर नाहीत हे कोणीही शिक्षक सांगेल, परंतु आखणी करणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. पाच वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, त्याची बोटे चुकून कुठेही पडतात, आणि मध्येच आलेली जाहिरात हा गोष्टीचाच भाग आहे असे त्याला वाटते. त्याच्यासाठी मोठी चित्रे आणि मराठीतला आवाज हवा, बाहेर नेणारी एकही कळ नको. सात-आठ वर्षांचे मूल वाचते, पण पडदा सांगतो ते खरे मानते, त्यामुळे खेळातील लाडके पात्र ‘मला हे घेऊन दे ना’ असे म्हणाले तर तो आग्रह त्याला मित्राचा वाटतो, दुकानदाराचा वाटत नाही. दहा-अकराव्या वर्षी, बहुधा हायस्कूलला जाण्याच्या सुमारास, गटात सामील होण्याची ओढ सुरू होते आणि ज्याच्याकडे अमुक अ‍ॅप नाही तो वर्गात एकटा पडतो.

तेरा ते पंधरा हा टप्पा मला सर्वांत नाजूक वाटतो. मेंदूतील बक्षिसाला आणि कौतुकाला प्रतिसाद देणारी यंत्रणा या वयात जोरात असते, तर स्वतःला आवर घालणारा, कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. वेग आला आहे पण ब्रेक अजून पुरता बसलेला नाही, अशा अवस्थेतील मुलीच्या छायाचित्राला किती लाइक मिळाले याचा आकडा तिच्या सगळ्या वर्गासमोर ठेवणे, हा आखणी करणाऱ्याने घेतलेला निर्णय असतो. तो आकडा लपवताही येतो. चौदा वर्षांच्या मुलीला ‘जरा संयम ठेव’ असे सांगणे सोपे आहे, परंतु संयमाची सर्वांत जास्त परीक्षा पाहणारी रचना सर्वांत कमी संयमाच्या वयाला देऊन आपण तो उपदेश करत असतो, हे विसरता कामा नये.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या, आणि ऐकायला सर्वांत नीरस वाटणाऱ्या शब्दाकडे वळतो. तो शब्द म्हणजे डीफॉल्ट. तुम्ही काहीच केले नाही तर जे होते, ते डीफॉल्ट. माझी बहीण तासगावजवळ राहते. तिचा मुलगा तिसरीत आहे. द्राक्षबागेत छाटणीची कामे चालू असताना तो बांधावर बसून आईच्या फोनवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ पाहत होता. अर्ध्या तासाने मी डोकावलो तेव्हा पडद्यावर अपघातांची दृश्ये चालू होती. मी रागावण्याआधीच तो म्हणाला, “मामा, मी नाही लावलं. ती संपली आणि ही आपोआप लागली.” तो खरे बोलत होता. एक व्हिडिओ संपला की दुसरा सुरू व्हावा, हा निर्णय त्याने घेतलेला नव्हता आणि बहिणीनेही घेतलेला नव्हता. तो कुठल्या तरी कार्यालयात, भारतातही नसलेल्या, कोणीतरी घेतलेला होता आणि त्या फोनमध्ये आयता आला होता.

बहुसंख्य माणसे सेटिंग बदलत नाहीत. मुले तर नाहीतच, आणि पालकांपैकी अनेकांना ती कोठे असतात हेच ठाऊक नसते. म्हणून कोणत्याही अ‍ॅपची परीक्षा करताना मी एकच प्रश्न विचारतो: मुलाने सेटिंगला हातच लावला नाही, तर काय होईल? त्याचे खाते सर्वांना दिसेल की फक्त ओळखीच्यांना? अनोळखी माणूस त्याला संदेश पाठवू शकेल का? त्याचे ठिकाण कोणाला कळेल का? रात्री बारा वाजता फोन वाजेल का? या प्रश्नांची उत्तरे आधीपासूनच सुरक्षित बाजूची असतील आणि धोक्याच्या बाजूला जाण्यासाठी मुद्दाम पाऊल टाकावे लागत असेल, तर रचना निम्मी साधली असे समजावे.

याचे उलट उदाहरण न्यायालयीन कागदपत्रांत नोंदलेले आहे. फोर्टनाइट हा खेळ घडवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. आयोगाच्या तक्रारीतील एक प्रमुख मुद्दा असा होता की, खेळात आवाजी आणि लेखी संवाद आधीपासूनच चालू ठेवलेला होता, त्यामुळे लहान मुले अनोळखी प्रौढांबरोबर खेळताना थेट त्यांच्या बोलण्याच्या टप्प्यात येत होती. म्हणजे आक्षेप संवादाच्या सोयीवर नव्हता. ती सोय मुलांसाठी मुळातच चालू असण्यावर होता. दुसऱ्या बाजूने पाहिले तर यूट्यूबने २०२१ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या वापरकर्त्यांसाठी आपोआप पुढचा व्हिडिओ लावणे मुळातच बंद ठेवले. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतात आली: खाते खाजगी, संदेश फक्त ओळखीच्यांकडून, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद, आणि सोळा वर्षांखालील मुलाला यातले काही सैल करायचे असेल तर पालकांची परवानगी. वडगावच्या भोंग्याचेच हे दूरचे भावंड म्हणता येईल. मात्र हे बदल कंपन्यांना आधी सुचले नव्हते असे नाही. कायद्याचा आणि लोकमताचा रेटा आल्यावर ते झाले.

परंतु माझ्या भाच्याला अशा कोणत्याही बदलाचा काहीही लाभ झाला नाही, कारण फोन आईचा होता, खाते आईचे होते आणि यूट्यूबच्या दृष्टीने ट्रॅक्टर पाहणारी व्यक्ती छत्तीस वर्षांची होती. वयानुरूप रचनेवरचे परदेशी लिखाण वाचताना मला नेहमी हीच फट दिसते. त्यात प्रत्येक मुलाकडे स्वतःचा फोन आणि स्वतःचे खाते असते असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे एक फोन सकाळी वडिलांबरोबर सौद्याला किंवा कारखान्यावर जातो, दुपारी आईकडे असतो, संध्याकाळी त्यावर गृहपाठ येतो आणि रात्री थोरला भाऊ त्यावर रील पाहतो. शिफारशी करणारी यंत्रणा या सगळ्यांची आवड एकत्र कालवते आणि चौघांनाही तेच ताट वाढते. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. यातील किती मुलांच्या हातातले खाते खरोखर त्यांच्या नावाचे आणि वयाचे असेल, याचा वाचकांनी आपापल्या घरावरून अंदाज करावा.

यावर तांत्रिक उपाय आहेत. फोनमध्येच मुलांसाठी वेगळी प्रोफाइल असावी आणि ती एका स्पर्शात उघडावी; मोठ्यांच्या प्रोफाइलवर परत यायचे असेल तर पिन लागावा. आजही अशी सोय अनेक फोनांत असते, पण ती चार-पाच पडद्यांच्या तळाशी आणि अवघड शब्दांत दडवलेली असते, त्यामुळे शेतातून दमून आलेली आई ती शोधण्याची शक्यता नाही. दुसरा उपाय ब्रिटिश संहितेतच आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो: वापरणाऱ्याचे वय धोक्याच्या मानाने पुरेशा खात्रीने ठरवा, आणि ते जमत नसेल तर मुलांसाठीचे संरक्षण सर्वांनाच द्या. म्हणजे शंका आली की समोर मूल आहे असे समजायचे. मोठ्यांना त्यामुळे एखादी कळ जास्त दाबावी लागेल, पण ती तक्रार कोणी फार काळ करील असे मला वाटत नाही.

वय ठरवायचे कसे, हा प्रश्न यातूनच पुढे येतो. आजवर बहुतेक अ‍ॅप्सनी जन्मतारखेची एक चौकट ठेवली आणि तेरा वर्षे पूर्ण असल्याचे मुलाकडूनच वदवून घेतले. हा तेराचा आकडा बालमानसशास्त्रातून आलेला नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खाजगीपणाविषयी कायदा केला आणि तो २००० मध्ये अमलात आला. त्यात तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती आवश्यक केली होती. कंपन्यांनी संमती घेण्याची कटकट टाळण्यासाठी ‘तेराखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावली आणि ती जगभर तशीच गेली. आमच्या भागात सहावीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, चौकटीत २००० साल निवडायचे असते हे त्याला पाठ असते.

याहून पक्के मार्ग म्हणजे ओळखपत्र तपासणे, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेणे, किंवा फोननेच अ‍ॅपला ‘हा वापरकर्ता सोळाच्या खालचा आहे’ एवढेच कळवणे. पहिल्यात मुलाचे ओळखपत्र नको त्याच्या हाती जाते, दुसऱ्यात सीमेवरच्या वयांबाबत चूक होण्याचा संभव मोठा असतो, तिसरा मार्ग खाजगीपणाच्या दृष्टीने सर्वांत बरा आहे पण एकच फोन अनेकांचा असेल तर तोही अडतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आणि जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. हयगय झाल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बंदी हा रचनेला पर्याय आहे का, याबद्दल मी साशंक आहे. सोळावा वाढदिवस झाला की मूल ज्या अ‍ॅपमध्ये पाऊल ठेवेल, ते आतून तसेच राहिले तर आपण फक्त पूर पुढे ढकलला असे होईल.

आपल्या देशाने वेगळी वाट घेतली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल, आणि मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर मनाई आहे. मुलांविषयीची बंधने मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. माग काढण्यावरची आणि जाहिरातींवरची मनाई मला मनापासून पटते, कारण ती थेट कंपनीच्या वागण्याला हात घालते. संमतीच्या भागाबद्दल मात्र व्यवहारात काय होईल ते डोळ्यांसमोर दिसते. आपल्या घरांत फोन कसा वापरायचा हे मुलेच आई-वडिलांना शिकवतात, आजीच्या फोनवर आलेला ओटीपी नातूच वाचून दाखवतो, आणि त्यामुळे पालकांच्या संमतीची कळ दाबणारे बोट पुष्कळदा बालकाचेच असेल. शिवाय आठ वर्षांचा मुलगा आणि ईश्वरपुरात (पूर्वीचे इस्लामपूर) खोली घेऊन नीटचा अभ्यास करणारी सतरा वर्षांची मुलगी यांना एकाच रांगेत उभे करणे म्हणजे सखल प्लॉट आणि टेकडी यांना एकच इशारा देण्यासारखे आहे.

आता ज्या युक्त्यांनी मूल पडद्याला चिकटून राहते त्यांच्याकडे पाहू. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपत असे आणि ‘पुढे’ ही कळ दाबावी लागे. त्या क्षणी माणूस भानावर येई. २००६ मध्ये एझा रास्किन या अभिकल्पकाने न संपणारे पान तयार केले. हेतू कळ दाबण्याचा त्रास वाचवण्याचा होता, पण थांबण्याची जागाच नाहीशी झाली, आणि पुढे त्याने स्वतः त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात दुसरी गोष्ट मिसळली. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की, कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही अशी व्यवस्था असेल, तर कबूतर ती कळ जास्त चिकाटीने दाबत राहते. गावच्या यात्रेत चक्रीच्या खेळाभोवती गर्दी का हटत नाही, याचेही उत्तर तेच आहे. रील खाली ओढणारे बोट पुढचे काहीतरी मजेशीर निघेल या आशेवर असते. ते नेहमी मजेशीर निघाले असते तर उलट लवकर कंटाळा आला असता.

तिसरी युक्ती साखळीची, आणि येथे मला कबुली द्यावी लागेल. काही वर्षांपूर्वी एका शिकवणीच्या अ‍ॅपसाठी सलग दिवसांची साखळी मी आखली होती, आणि साखळी तुटली की रडका चेहरा दाखवावा ही कल्पनाही माझीच होती. मुले रोज येऊ लागली म्हणून आम्हाला शाबासकी मिळाली. नंतर एका पालकांनी कळवले की, गावच्या यात्रेसाठी मामाकडे गेलेली त्यांची मुलगी साखळी तुटू नये म्हणून रात्री रेंज शोधत गच्चीवर बसली होती आणि रडत होती. तिला गणित आवडू लागले होते असे मुळीच नाही. तिला तुटण्याची भीती वाटत होती. अशा साखळीत आठवड्यातून चार दिवस पुरे, सुटीत ती आपोआप थांबावी, आणि तुटली तर ‘पुन्हा सुरू करूया’ एवढेच साधे वाक्य यावे, हे सगळे करता आले असते. ते करायला एक दिवस पुरला असता.

पैशांच्या बाबतीत फसव्या रचनांवर आपल्याकडे नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांची यादी जाहीर केली, त्यांत खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, एकसारखे टुमणे लावणे आणि जाहिरातीला बातमीचा वेष देणे यांचा समावेश आहे. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, परंतु खेळातील हिरे, नाणी आणि पोशाख विकत घेणे चालूच आहे. मुलांच्या दृष्टीने यातील खोच अशी की, हिऱ्यांची किंमत रुपयांत दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ८० हिरे म्हणजे किती भडंग, हे कळत नाही. ते कळेल अशा रीतीने प्रत्येक वस्तूखाली रुपयांतली किंमत लिहिणे अवघड नाही.

एवढे सगळे केले तरी काहीतरी वाईट घडेल, आणि तेव्हा मुलाला मदत मागता आली पाहिजे. माझ्या मते बहुतेक अ‍ॅप्स येथे सपशेल नापास होतात. तक्रारीची कळ तीन ठिपक्यांच्या मागे असते, कारणांची यादी कायद्याच्या भाषेत असते, मराठी निवडली तरी अर्धे शब्द यंत्राने केलेल्या भाषांतरासारखे वाटतात, आणि तक्रार केल्यावर पुढे काय होईल हे कोणी सांगत नाही. चौदा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र कोणी विकृत करून फिरवले असेल, तर ‘धोरणाचे उल्लंघन’ या पर्यायावर तिचे बोट जाणार नाही. ‘माझा फोटो कोणीतरी वापरतोय’ असे लिहिलेले असेल तर जाईल. तक्रार केल्याचे समोरच्याला कळणार नाही, हेही तिथेच लिहिलेले हवे, कारण तिची सगळी भीती त्यात असते. बालकांवरील अत्याचाराची माहीत असलेली छायाचित्रे ओळखण्याचे तंत्र आहे: २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि हॅनी फरीद यांनी तयार केलेले फोटोडीएनए प्रत्येक छायाचित्राचा अंकांतला ठसा काढते आणि त्यावरून तीच प्रत पुन्हा आली तर पकडते. नव्या छायाचित्राला मात्र आधीचा ठसा नसतो, त्यामुळे तिथे मुलीची तक्रार हाच पहिला धागा ठरतो. अ‍ॅपच्या बाहेर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी आहे. हे दोन आकडे तक्रारीच्या पडद्यावरच का नसावेत, याचे पटणारे कारण मला आजवर कोणी दिलेले नाही.

पालकांच्या देखरेखीबद्दल थोडक्यात सांगतो. मुलाचे ठिकाण किंवा संदेश पालकांना दिसण्याची सोय अ‍ॅपमध्ये असेल, तर तसे चालू असल्याची खूण मुलालाही दिसली पाहिजे, असे ब्रिटिश संहिता सांगते. लहान मुलावर लक्ष ठेवणे वेगळे आणि सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश गुपचूप वाचणे वेगळे. जिला घरात बोलता येत नाही ती आपल्या पाळीबद्दल किंवा मनातल्या उदासीबद्दल काही शोधत असेल, आणि ते वाचले जाईल या धास्तीने तिने शोधणेच थांबवले, तर सुरक्षेच्या नावाखाली तिची एक खिडकी बंद होते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाविषयी जे भाष्य प्रसिद्ध केले त्यातही संरक्षणाबरोबर माहिती मिळण्याचा, व्यक्त होण्याचा आणि खाजगीपणाचा हक्क मांडलेला आहे.

हे सगळे मोठ्या कंपन्यांचे काम आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. मागच्या महिन्यात सांगलीतील एका खाजगी क्लासचे संचालक त्यांच्या नव्या अ‍ॅपचा आराखडा घेऊन माझ्याकडे आले. आठवी ते दहावीची मुले ते वापरणार होती. अ‍ॅप सुरू होताच फोनमधील सर्व संपर्कांची परवानगी मागत होते. का, असे विचारल्यावर ते म्हणाले की, ते तयार साच्यात आधीपासूनच होते. ठिकाणाची परवानगीही तशीच आली होती. दोन्ही काढून टाकायला दहा मिनिटे लागली. मुलांच्या आपसातील चॅटची सोय होती. ती शिक्षकांसमोर विचारलेल्या शंकांपुरती ठेवली आणि रात्री नऊनंतर बंद केली. जन्मतारखेची जागा इयत्तेने घेतली, कारण अ‍ॅपला हवी होती ती माहिती एवढीच होती. संचालक समंजस होते. मी सांगितलेले बहुतेक त्यांनी लिहून घेतले.

अडले ते शेवटच्या पडद्यावर. तिथे दर आठवड्याच्या चाचणीचे गुण पहिल्यापासून शेवटच्या मुलापर्यंत, नाव आणि छायाचित्रासह, सर्वांना दिसत होते. मी म्हटले की, प्रत्येकाला फक्त त्याचे स्वतःचे गुण आणि मागच्या आठवड्यापेक्षा काय बदलले ते दिसू द्या. त्यावर ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, मुलांचं काही नाही, पण पालक ती यादी बघूनच प्रवेश घेतात.” पहिल्या दहांची नावे ठेवायची आणि बाकीची काढायची, असा मध्यम मार्ग त्यांनी सुचवला. मी छायाचित्रे तरी काढा असे म्हटले. आराखड्यात तो एकच पडदा अजून तांबड्या शेऱ्यासह तसाच पडलेला आहे.